हासळीच्या हाडाला प्लेट: एक्स-रेपासून प्लेट काढेपर्यंत

दुचाकी घसरून माणूस थेट खांद्यावर आपटला, की बहुतेक वेळा पहिला बळी जातो तो हासळीच्या हाडाचा. कॉलर बोन म्हणतात ते हेच. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत गेलेलं, साधारण बोटाएवढ्या जाडीचं, दोन वळणं घेतलेलं हाड. हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो एवढ्या एकाच दांड्यानं. पाठीमागचं फऱ्याचं हाड तर निव्वळ स्नायूंवर तोललेलं असतं.

दहापैकी सात-आठ वेळा हे हाड मधल्या भागात मोडतं. आतल्या बाजूला गोल असलेलं हाड बाहेर जाताना चपटं होतं, वळणही तिथेच बदलतं आणि नेमक्या त्याच जागी ना अस्थिबंधांचा आधार असतो, ना स्नायूंची जाड गादी. मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर आणि मागे ओढतो, हाताच्या वजनानं बाहेरचा तुकडा खाली लोंबतो, छातीचा मोठा स्नायू खांद्याला आत खेचतो. तुकडे एकमेकांवर चढतात, खांदा आखूड होतो, कातडीखाली टोक वर आलेलं दिसतं.

प्लेटबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावरच उभा आहे. हाड जुळवायचं काम प्लेट करत नाही. ते काम हाडावरच्या पातळ आवरणातून आणि आजूबाजूच्या स्नायूंतून येणारं रक्त करतं. प्लेट तोवर तुकडे जागेवर धरून ठेवते, आणि तिची ताकद मोजकी असते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तशीच हाताच्या प्रत्येक हालचालीनं प्लेटही थोडी थोडी थकत जाते. हाड वेळेत जुळलं तर भार हाडावर जातो आणि प्लेट त्या भारातून मोकळी होते. नाही जुळलं, तर कितीही महागडी प्लेट असली तरी एक दिवस ती वाकते, तुटते किंवा तिचे स्क्रू उपटून येतात.

एक्स-रे नीट काढून घ्या

अपघातानंतरचा पहिला एक्स-रे बहुधा रुग्णाला झोपवूनच काढलेला असतो. त्यात तुकडे बऱ्यापैकी जागेवर वाटतात. हाताचं वजन खाली ओढत नसल्यामुळे ते तसे दिसतात. रुग्णाला उभं राहता येत असेल तर उभ्यानं पुन्हा एक्स-रे काढावा. तो काढताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात: एक सरळ समोरून, आणि दुसरा नळी खालून वर सुमारे १५ ते ३० अंश तिरकी धरून. तिरक्या फोटोत बरगड्या बाजूला होतात आणि पुढे-मागे सरकलेले तुकडे स्पष्ट कळतात.

दोन्ही हासळ्या एकाच फिल्मवर असाव्यात. हाड किती आखूड झालं ते न मोडलेल्या बाजूशी तुलना करूनच कळतं. छातीचा एक्स-रेही लागतोच, कारण मार जोराचा असेल तर बरगडी मोडून फुप्फुसाभोवती हवा साठलेली असू शकते. मधल्या भागासाठी सीटी स्कॅन सहसा लागत नाही. छातीजवळच्या टोकाचं फ्रॅक्चर असेल किंवा जुनं, न जुळलेलं हाड असेल तर तो काढावा.

ऑपरेशन खरंच लागतं का?

या प्रश्नावर घाई करू नये. अमेरिकेतले डॉ. चार्ल्स नीर यांनी १९६० साली २,२३५ रुग्णांची नोंद मांडली होती. त्यांतल्या फक्त तिघांचं हाड जुळलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं ‘हासळी आपोआप जुळते, हात झोळीत ठेवा’ हाच नियम चालला. पण अशा जुन्या आकड्यांत लहान मुलं आणि फारसे न सरकलेले तुकडेही मोजलेले होते. कॅनडातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३२ प्रौढ रुग्ण होते, सगळ्यांचं हाड मधल्या भागात मोडून पूर्ण सरकलेलं. शेवटपर्यंत तपासणीला आलेल्यांपैकी झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांत ७ जणांचं हाड जुळलं नाही. प्लेट बसवलेल्या ६२ जणांत २ जणांचं नाही जुळलं.

या आकड्यांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. झोळीवर ठेवलेल्या ४९ पैकी ४२ जणांचं हाड चीर न देताच जुळलं. काहींचं वाकडं जुळलं आणि त्याचा त्रास राहिला, पण जुळलं. म्हणून ‘हाड सरकलंय, म्हणजे प्लेट हवीच’ असं सरसकट म्हणणं आम्हाला पटत नाही.

काही वेळा मात्र वाट पाहू नये. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, टोकावर कातडी ताणून पांढरी पडली असेल, हात गार पडला किंवा मनगटाची नाडी लागेनाशी झाली, बोटांतली ताकद कमी होत चालली, तर लगेच मोठ्या रुग्णालयात हलवावं. त्याच बाजूच्या फऱ्याच्या हाडाची मानही मोडली असेल तर खांदा पूर्ण सुटा होतो. तिथेही बहुधा प्लेट लागते.

बाकीच्यांमध्ये पारडं ऑपरेशनकडे झुकतं ते हाड २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आखूड झालं असेल, दोन टोकांचा एकमेकांशी अजिबात संपर्क नसेल, किंवा मधला एक तुकडा आडवा फिरून उभा राहिला असेल तर. डोक्यावर हात नेऊन काम करणारा माणूस, गवंडी, रंगारी, खेळाडू, यांना लवकर उभं राहायचं असतं. तेही विचारात घ्यावं लागतं. लहान मुलांना क्वचितच चीर द्यावी लागते, त्यांचं हाड वाढीबरोबर आकार सुधारून घेतं. वयस्क, फारशी धावपळ नसलेल्या माणसाला, किंवा साखर अनियंत्रित असलेल्याला झोळी हाच बहुतेक वेळा चांगला उपचार ठरतो.

झोळी म्हणजे साधा आर्म पाऊच, दोन ते तीन आठवडे. पाठीवर आवळायचा इंग्रजी आठच्या आकाराचा पट्टा त्याहून सरस नाही. काखेत रुततो, हाताला मुंग्या आणतो आणि तुकडे काही जागेवर आणत नाही. हाडवैद्याकडून चोळून घेणं इथे खास धोक्याचं आहे. टोकदार तुकड्यांच्या मागेच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचं जाळं असतं.

तारीख ठरवताना आणि आदल्या दिवशी

ऑपरेशन पहिल्या दोन आठवड्यांत झालेलं बरं. तीन आठवडे उलटले की नवं कच्चं हाड धरू लागतं, टोकं ओळखू येत नाहीत, ती सोडवताना रक्तपुरवठा जास्त दुखावतो. पण खांदा खरचटलेला असेल तर खपली कोरडी होईपर्यंत थांबावंच. ओल्या जखमेजवळ चीर दिली तर जंतूंना थेट धातूपर्यंत वाट मिळते. चार-सहा दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही.

तंबाखू आजपासून बंद. विडी-सिगारेटमधलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि हाड न जुळण्याच्या कारणांत धूम्रपान फार वरच्या जागी आहे. मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू यांतही निकोटीनच असतं. ‘मी ओढत नाही, फक्त लावते’ हे सांगून हाडाची सुटका होत नाही.

चालू औषधांची पाकिटंच्या पाकिटं भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. मधुमेहाच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर ते आवर्जून सांगा. ती साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते. ऑपरेशनआधी सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीही नाही. खांद्यावरचे केस घरी ब्लेडनं काढू नका, बारीक कापांतून जंतू आत जातात. खांद्याच्या त्वचेत मुरमांचा जंतू वस्तीला असतो, म्हणून काही सर्जन दोन-तीन दिवस आधी ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला देतात. ते फक्त धड कातडीवर लावायचं, खरचटलेल्या जागी लावायचं नाही.

संमतिपत्रावर सही करताना चार गोष्टी विचारून घ्या: चिरेखाली छातीच्या वरच्या भागात बधिरपणा राहील का, प्लेट हाताला लागेल का, ती पुढे काढावी लागेल का, आणि प्लेट कोणत्या धातूची, कोणत्या प्रकारची आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी त्यांच्याकडून पक्कं करून घ्यावं.

कोणती प्लेट

हल्ली बहुतेक ठिकाणी हासळीच्या वळणाला आधीच घडवलेली लॉकिंग प्लेट (जिच्या भोकात स्क्रूचं डोकं आट्यांनी पक्कं बसतं ती) वापरतात, टायटॅनियमची किंवा ३१६ एल स्टीलची, ३.५ मिलिमीटर स्क्रूची. डाव्या आणि उजव्या हाडाची प्लेट वेगळी असते. हाडाला हवी तशी वाकवता येणारी रिकन्स्ट्रक्शन प्लेट स्वस्त पडते, पण तिच्या खाचांमुळे ती कमजोर असते. तरुण, वजनदार माणसाच्या चुरा झालेल्या फ्रॅक्चरवर ती वाकण्याची भीती खरी आहे. नळीच्या एक-तृतीयांश आकाराची पातळ प्लेट या जागी वापरूच नये.

लांबी ठरवण्याचा हिशेब सोपा आहे. फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू, तेही हाडाच्या दोन्ही भिंती धरणारे. मध्ये तुटलेल्या जागेवर एक-दोन भोकं रिकामी. म्हणजे साध्या फ्रॅक्चरलाही सात-आठ भोकांची प्लेट लागते. पैसे वाचवायला किंवा चीर लहान ठेवायला सहा भोकांची बसवली, की बाहेरच्या टोकाचे स्क्रू सैल होण्याची वाट पाहायची.

प्लेट हाडावर वरून बसवतात किंवा पुढून-खालून. वरून बसवली तर हाताच्या ओझ्यानं हाड जिकडे उघडतं तीच बाजू धरली जाते, म्हणून ती भक्कम असते. पण कातडीखाली उठून दिसते आणि ड्रिल थेट फुप्फुसाच्या दिशेनं जातं. पुढून बसवलेली कमी टोचते, स्क्रूही लांब मिळतात, मात्र तिथे स्नायू जरा जास्त सोडवावे लागतात. सडपातळ व्यक्तीला, किंवा खांद्यावर रोज पट्टा येणाऱ्या माणसाला पुढून बसवलेली प्लेट सोयीची पडते.

थिएटरमध्ये, पायरीपायरीनं

पूर्ण भूल ही नेहमीची पद्धत. मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन फक्त तो भाग बधिर करूनही हे ऑपरेशन होतं. त्या इंजेक्शननं त्या बाजूचं श्वासपटल काही तास सुस्तावतं, म्हणून फुप्फुसांचा जुना आजार असेल तर ते टाळतात.

१. रुग्णाला आरामखुर्चीसारखं ३० ते ४५ अंश उठवून किंवा सपाट झोपवून, दोन फऱ्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेवतात. खांदे मागे पडले की हाडाची लांबी निम्मीअर्धी आपोआप परत येते. मान दुसऱ्या बाजूला, श्वासासाठी घातलेली नळीही तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे. निर्जंतुक चादरी टाकण्याआधी सी-आर्म (थिएटरमधलं फिरतं एक्स-रे यंत्र) फिरवून हाडाची दोन्ही टोकं दिसतात ना, हे पाहून घेतात. ही दोन मिनिटं वाचवली की पुढे वीस मिनिटं जातात.

२. चिरेआधीच्या तासाभरात अँटिबायोटिकचा डोस शिरेतून जातो. प्रौढांना साधारण २ ग्रॅम सेफॅझोलिन.

३. चीर ७ ते १० सेंटिमीटरची, हाडाच्या अगदी माथ्यावर न देता किंचित खाली. म्हणजे टाक्यांची ओळ प्लेटवर येत नाही.

४. कातडीखाली मानेचा पातळ स्नायू येतो, आणि त्याच थरात हाडाला आडवे ओलांडणारे दोन-तीन पांढरट धागे: छातीच्या वरच्या भागाची संवेदना नेणारे मज्जातंतू. जाडी शेवयांएवढी. सुरीनं सरळ कापत गेलं तर ते दिसतही नाहीत आणि कापले गेल्याचं कळतही नाही. कात्रीची बोथट टोकं हाडाला काटकोनात उघडत गेलं तर ते सापडतात. मग त्यांच्याखालून रबरी फीत घालून बाजूला धरतात आणि प्लेट त्यांच्याखालून सरकवतात. इतकं करूनही काहींना थोडा बधिरपणा राहतोच, पण तो हातभर पसरलेला नसतो.

५. स्नायूंचं आवरण एका सरळ रेषेत उघडतात, कारण शेवटी प्लेटवर पांघरूण म्हणून तेच शिवायचं आहे. हाडावरचं आवरण फक्त फ्रॅक्चरच्या कडेपुरतं, एक-दोन मिलिमीटर खरवडतात. सुटे तुकडे स्नायूला चिकटलेले असतील तर तसेच राहू द्यायचे. सगळं ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून तुकडे मोकळे केले तर एक्स-रे देखणा येतो, पण ते तुकडे मेलेले असतात. सहा महिन्यांनी न जुळलेलं हाड घेऊन येणाऱ्या कितीतरी रुग्णांचं मूळ याच पायरीत असतं.

६. रक्ताची गाठ धुऊन दोन्ही टोकं टोकदार पकडींत धरतात. बाहेरचा तुकडा वर उचलून बाहेर खेचला की टोकं एकमेकांत बसतात. तिरकं फ्रॅक्चर असेल किंवा मोठा त्रिकोणी तुकडा असेल तर आधी ओढून धरणारा एक स्क्रू घालतात. ३.५ चा स्क्रू असेल तर जवळच्या भिंतीत ३.५ मिलिमीटरचं भोक आणि पलीकडे २.५ चं, तुकडा लहान असेल तर २.७ चा स्क्रू, भोकं २.७ आणि २.०. जवळचं भोक मोठं ठेवलं नाही तर स्क्रू दोन्ही भिंतींत धरतो आणि फट मिटण्याऐवजी तशीच राहते. हाडाचा चुरा असेल तर तुकड्यांमागे लागायचं नाही. लांबी आणि पीळ बरोबर आणायचा आणि प्लेटनं दोन काठांवर पूल बांधायचा.

७. प्लेट बसवून आधी साधा स्क्रू घालतात, त्यासाठी २.५ मिलिमीटरचं ड्रिल. तो प्लेटला हाडाशी ओढून घेतो. आडव्या, साध्या फ्रॅक्चरमध्ये लांबट भोकाच्या बाहेरच्या कडेला स्क्रू घालून दोन टोकं एकमेकांवर दाबता येतात. लॉकिंग स्क्रू त्यानंतर, २.८ चं ड्रिल आणि भोकात नीट फिरवून बसवलेली गाइड (ड्रिलला दिशा देणारी नळी) वापरून. आधी लॉकिंग स्क्रू घातले तर प्लेट हाडापासून वर उचललेलीच राहते आणि मग ती कातडीला टोचते.

ड्रिल करणं हा या ऑपरेशनातला सगळ्यात सावध क्षण. हाडाच्या आतल्या एक-तृतीयांश भागात हाताची मोठी शीर हाडाच्या अगदी मागे असते. मधल्या भागात हाडाखाली एका लहान स्नायूची पातळ गादी तेवढी मध्ये. म्हणून ड्रिलचं टोक धारदार हवं, हाडाखाली आडवं संरक्षक हत्यार हवं, आणि दुसरी भिंत लागली की दाब काढून घ्यायचा. बोथट ड्रिलला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात भिंत फुटल्यावर आपसूक पुढे जातो. वरून बसवलेल्या प्लेटला बहुतेक १२ ते १८ मिलिमीटरचे स्क्रू लागतात. मापपट्टीनं प्रत्येक भोक मोजायचं, अंदाजानं घालायचं नाही.

लॉकिंग स्क्रूचा शेवटचा पीळ हातानं, १.५ न्यूटन-मीटरवर सुटणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनं. मशीननंच करकचून आवळलं तर टायटॅनियमचा स्क्रू प्लेटमध्ये जाम बसतो आणि दोन वर्षांनी काढायच्या वेळी त्याचं डोकं झिजतं.

८. सी-आर्मनं वरून आणि खालून तिरक्या प्रतिमा घेऊन प्रत्येक स्क्रूचं टोक तपासतात. शंका असेल तर जखमेत सलाइन भरून भूलतज्ज्ञ फुप्फुसं फुगवतात. बुडबुडे आले तर फुप्फुसाचं आवरण उघडलं आहे.

९. स्नायूंचा थर प्लेटवर पूर्ण शिवतात. मग कातडीखालचा थर आणि शेवटी आतून विरघळणारा बारीक टाका. जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी सहसा लागत नाही. सगळं मिळून तास-दीड तास. वॉर्डात आल्यावर छातीचा एक्स-रे.

खांद्याच्या टोकाजवळचं फ्रॅक्चर

इथे नियम वेगळे. बाहेरचा तुकडा लहान असतो आणि अस्थिबंध तुटलेले असतात, म्हणून टोकाला बारीक स्क्रूंची गर्दी असलेली प्लेट, किंवा हाडाला खालच्या हाडाशी जाड धाग्यानं बांधणं, किंवा हुक प्लेट. हुक प्लेटचा आकडा खांद्याच्या छताखाली जातो आणि ते झिजवतो. ती साधारण तीन-चार महिन्यांत काढायलाच हवी. ‘दुखत नाही, राहू दे’ असं म्हणून तपासणी चुकवू नये.

घरी गेल्यावर

पहिल्याच दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचे. दर जागत्या तासाला दहा वेळा मूठ उघड-बंद. ड्रेसिंग सांगितलेल्या दिवसापर्यंत कोरडं ठेवायचं. झोप तीन-चार उशा लावून अर्धवट बसून, कोपराखाली आणखी एक उशी. सपाट झोपलं की खांदा मागे पडतो आणि ठणका वाढतो. शर्ट पुढून बटणांचा. घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लोंबता व्यायाम: चांगल्या हातानं टेबल धरून कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि धड हलवून त्याला ताटाएवढी वर्तुळं काढू द्यायची. दहा एका बाजूला, दहा उलट, दिवसातून तीन-चार वेळा. टाके काढायचे असतील तर १० ते १४ दिवसांनी. तिथून झोळी हळूहळू सुटते. चार-सहा आठवडे हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा, आणि चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ थांबतं. नेमका हाच काळ धोक्याचा. हाड अजून कच्चं असतं, सगळा भार प्लेटवर असतो आणि माणसाला मात्र वाटतं की आपण बरे झालो. भरलेली कळशी उचलणं, गॅसचं सिलिंडर सरकवणं, मोटारसायकलला किक मारताना हँडल खेचणं, लोकलच्या दांड्याला लोंबकळणं, या सगळ्यांत प्लेट वाकते. शेतकऱ्यानं फवारणीचा पंप तीन महिने तरी पाठीवर घेऊ नये. भरलेला १६ लिटरचा पंप सोळा किलोंहून जास्त भरतो आणि त्याचा पट्टा बरोबर चिरेवर येतो.

एक्स-रे साधारण दोन, सहा आणि बारा आठवड्यांनी. सहाव्या आठवड्याला हाड धरल्याच्या खुणा दिसल्या की रबर बँडनं आणि हलक्या वजनांनी ताकद वाढवायची. दुचाकी सहा ते आठ आठवड्यांनी, तीही अचानक ब्रेक लावून हँडल दोन्ही हातांनी आवरता येत असेल तरच. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल तीन-चार महिन्यांनी आणि हाड जुळल्याची खात्री झाल्यावर.

प्लेटवर घासणाऱ्या रोजच्या गोष्टींकडे लक्ष द्या. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याचा सीट बेल्ट उजव्या हासळीवरून येतो, शेजारच्याचा डाव्या. त्या जागी मऊ कापडाची घडी ठेवा, बेल्ट मात्र सोडू नका. डाव्या बाजूची प्लेट असलेल्या बायकांनी पदराची पिन आणि निऱ्यांचा जाड थर चिरेवर येऊ देऊ नये. पिन थोडी बाहेर, दंडाकडे लावली की टोचणं थांबतं.

बिघडतं ते असं कळतं

चीर लाल होऊन गरम लागणं, पाणी किंवा पू येणं, ताप, कमी होत आलेला ठणका पुन्हा वाढणं: त्याच दिवशी दाखवा. घरी अँटिबायोटिक सुरू करू नका, नंतर जंतू सापडत नाही. दम लागणं, छातीत एका बाजूला दुखणं, हात सुजून निळसर होणं: लगेच आपत्कालीन विभागात.

अचानक ‘कट’ असा आवाज होऊन खांदा आत गेल्यासारखा वाटला तर प्लेट वाकली किंवा स्क्रू उपटला असं धरून एक्स-रे काढा. सहा महिन्यांनंतरही फट दिसत असेल आणि हात उचलताना दुखत असेल तर हाड जुळलेलं नाही. तेव्हा आधी जंतुसंसर्ग नाही ना ते तपासतात, मग मेलेली टोकं कापून, कमरेच्या हाडातून कलम (हाडाचे तुकडे) घेऊन लांब, मजबूत प्लेट पुन्हा बसवतात. नुसती प्लेट बदलून भागत नाही, कारण बहुतेक वेळा मूळ दोष रक्तपुरवठ्यात असतो.

प्लेट काढायची का?

त्रास नसेल तर काढायची गरज नाही. या प्लेटा असताना एमआरआय सहसा करता येतो, फक्त तपासणीआधी सांगावं. म्हणून डिस्चार्जच्या कागदांत प्लेटच्या पाकिटावरचं स्टिकर चिकटवलेलं आहे ना, हे निघतानाच पाहा. धातूचा प्रकार, कंपनी, स्क्रूचा आकार त्यावर असतो. वर्षा-दोन वर्षांनी प्लेट काढायला दुसऱ्या गावातल्या सर्जनकडे गेलात तर योग्य स्क्रूड्रायव्हर त्या स्टिकरवरूनच मागवला जातो.

टोचत असेल, बॅगेचा पट्टा सहन होत नसेल तर काढावी, पण ऑपरेशनला किमान बारा ते अठरा महिने झाल्यावर आणि एक्स-रेमध्ये हाड सलग दिसल्यावरच. जुन्याच चिरेतून जातात. मज्जातंतूंचे ते धागे आता व्रणात गुंतलेले असतात, म्हणून ही पायरीही घाईनं करायची नसते. प्लेट निघाल्यावर हाडात सहा-आठ भोकं उरतात आणि ती भरून यायला वेळ लागतो. रोजची हलकी कामं चार-पाच दिवसांत सुरू करता येतात, पण जड ओझं सहा आठवडे आणि अंगाला अंग भिडणारे खेळ तीन महिने बंद ठेवावेत. या काळात पुन्हा खांद्यावर पडलात तर दुखणं किरकोळ वाटलं तरी उभ्यानं एक एक्स-रे काढून घ्या.